वेबसॉकेट घ्यावं की एसएसई (सर्व्हर-सेंट इव्हेंट्स)?

रिअल-टाइम फीचरसाठी कोणी सल्ला मागितला की मी आधी एकच विचारतो: ब्राउझरला सर्व्हरकडे सतत काही पाठवायचंय का? चॅट, ऑनलाइन खेळ, एकाच फाइलवर अनेकांचं काम असेल, तर सरळ वेबसॉकेट घ्या. २०११ च्या आरएफसी ६४५५ (इंटरनेट मानकांचा दस्तऐवज) मध्ये ते प्रमाणित झालं. एकाच कनेक्शनवर दोन्ही बाजूंनी मजकूर आणि बायनरी डेटा जातो.

पण क्रिकेटचा स्कोअर, शेअरचे भाव, ऑर्डर कुठवर आली, ही सगळी एकतर्फी कामं. तिथे वेबसॉकेट लादलेलं मला अजिबात पटत नाही. एसएसई म्हणजे साधी एचटीटीपी रिक्वेस्ट. उत्तर उघडं राहतं आणि सर्व्हर त्यात मजकुराच्या ओळी सोडत राहतो. नेट तुटलं तर ब्राउझर आपणहून पुन्हा जोडतो. संदेशांना आयडी दिले असतील, तर शेवटचा आयडीही कळवतो, म्हणजे राहिलेले संदेश तेवढेच पाठवता येतात. वेबसॉकेटमध्ये हे सगळं आपल्याला लिहावं लागतं, किंवा त्यासाठी लायब्ररी घ्यावी लागते.

एसएसईची खरी अडचण एचटीटीपी १.१ वर येते. ब्राउझर एका डोमेनला सहाच कनेक्शन देतो, त्यामुळे सातवा टॅब नुसता फिरत बसतो. एचटीटीपी २ लावा, प्रश्न मिटतो. ब्राउझर आणि तुमच्या सर्व्हरच्या मधोमध एनजिनएक्स (रिक्वेस्ट पुढे पाठवणारा वेब सर्व्हर) असेल तर एसएसईसाठी बफरिंग (डेटा साठवून मग पाठवणं) बंद करा, नाहीतर संदेश साचून एकदम येतात. वेबसॉकेटसाठी मात्र पिंग (कनेक्शन जागं ठेवणारा छोटा संदेश) चालू ठेवा. डीफॉल्ट सेटिंगमध्ये ६० सेकंद शांतता झाली की एनजिनएक्स कनेक्शन तोडतो.