मीडियाविकी: नव्या सहयोगी ज्ञानकोशासाठी घ्यावे का?

विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, राबणारी माणसे मात्र आधी जमवा. सर्व्हर आणि अद्ययावतीकरण सांभाळणारा एक तंत्रज्ञ, दोन-तीन प्रचालक (पाने वगळण्याचे, सदस्यांना रोखण्याचे अधिकार असलेले सदस्य) आणि विषयवार संपादक एवढे मनुष्यबळ हवेच. पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस असलेल्या साध्या सर्व्हरवर ते व्यवस्थित चालते. पानाचा इतिहास आणि एका क्लिकवर बदल उलटवण्याची सोय अप्रतिम आहे.

खरी डोकेदुखी स्पॅमची. मूळ मांडणीत खाते नसलेल्यालाही संपादन करता येते. ते पहिल्याच दिवशी बंद करा. संपादन करणारा माणूसच आहे ना हे तपासणाऱ्या 'कन्फर्मएडिट' या विस्तारातल्या बेरीज-वजाबाकीला बॉट (आपोआप स्पॅम टाकणारे प्रोग्राम) दाद देत नाहीत. त्याऐवजी त्यातलाच प्रश्न विचारणारा 'क्वेस्टीकॅप्चा' लावून स्वतःचे मराठी प्रश्न टाका आणि अधूनमधून बदला.

विकिपीडियावरचे साचे (अनेक पानांत वापरायचे तयार नमुने) नुसते उचलून आणले, तर 'स्क्रिबुंटो' आणि 'पार्सरफंक्शन्स' हे विस्तार चालू नसल्यामुळे लेखातल्या माहितीचौकटीच्या जागी कच्चा कोड दिसतो. बॅकअपमध्येही एक मेख आहे: डेटाबेसच्या प्रतीत चित्रे येत नाहीत, 'इमेजेस' फोल्डर वेगळा जपावा लागतो.

तपासणीची उतरंड फार उंच करू नका. २००० साली सुरू झालेला न्यूपीडिया हा विकिपीडियाच्या आधीचा ऑनलाइन ज्ञानकोश सात टप्प्यांच्या परीक्षणातच रखडला. लेख लगेच दिसू द्यावा, संपादकाने तो नंतर तपासावा. मीडियाविकी याच पद्धतीला सर्वांत चांगली साथ देते.