केप टाउनचं हृदय-संग्रहालय: एका पंपवाल्याने पाहिलेलं

मुलगी जोहान्सबर्गला नोकरीला आहे. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने केप टाउनचा चार दिवसांचा बेत आखला. टेबल माउंटन, समुद्र, पेंग्विन सगळं त्यात होतं. मी एवढंच म्हटलं, एक सकाळ ग्रूट शूर हॉस्पिटलसाठी मोकळी ठेव. मी बत्तीस वर्षं मुंबईत हार्ट-लंग मशीन चालवलं, म्हणजे शस्त्रक्रियेत हृदय थांबवलं की त्याचं आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र. आमच्यात त्याला नुसतं 'पंप' म्हणतात. ३ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जिथे जगात पहिल्यांदा एका बाईचं हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत चालू झालं, ती जागा बघितल्याशिवाय मला परत यायचं नव्हतं.

'हार्ट ऑफ केप टाउन म्युझियम' हॉस्पिटलच्या जुन्या मुख्य इमारतीत आहे, डेव्हिल्स पीकच्या उतारावर. टॅक्सीवाल्याला 'जुनी इमारत' असं स्पष्ट सांगा. आवार प्रचंड आहे, आम्ही चढावर बरंच चाललो. ज्या शस्त्रक्रियेसाठी हे सगळं आहे, तिला ४० वर्षं झाली त्या दिवशी, २००७ साली, हे संग्रहालय सुरू झालं. आम्ही गाइडबरोबरची फेरी घेतली. दोन तास लागले, आणि ते कमीच पडले.

मला वाटलं होतं, सुरुवात ती शस्त्रक्रिया करणारे सर्जन डॉ. क्रिस्तियान बार्नार्ड यांच्या फोटोंनी होईल. पण माझ्या मनात राहिली ती डेनिस डार्व्हालची खोली. हृदय तिचं होतं. पंचविशीतली, बँकेत काम करणारी मुलगी. तिची झोपायची खोली जशीच्या तशी उभी केली आहे. २ डिसेंबरच्या शनिवारी डेनिस आणि तिची आई केक घ्यायला मेन रोडवर उतरल्या आणि रस्ता ओलांडताना गाडीने दोघींना उडवलं. आई जागीच गेली. डेनिसच्या मेंदूला इतका मार होता, की डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. बायको गेली, मुलगी जाणार, आणि अशा वेळी वडील एडवर्ड डार्व्हाल यांच्यासमोर हृदय मागायला डॉक्टर उभे. त्यांनी चार मिनिटं विचार केला आणि हो म्हटलं. मी ओटीबाहेर, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर, नातेवाइकांचे चेहरे आयुष्यभर पाहिलेत. ती चार मिनिटं कशी असतील, ते त्या खोलीत उभं राहून मला सोसवेना.

डेनिसची किडनी दहा वर्षांच्या एका मुलाला दिली गेली. तो सरकारी वर्गवारीत 'कलर्ड', म्हणजे मिश्रवंशीय, होता. वर्णभेदाच्या त्या देशात गोरी किडनी कलर्ड मुलाला कशी, यावरून लोक बोलले. महिन्याभरात उलटं झालं: क्लाइव्ह हॉप्ट या कलर्ड तरुणाचं हृदय फिलिप ब्लायबर्ग या गोऱ्या दंतवैद्याला बसवलं आणि ते १९ महिने चाललं. ज्या दोघांना एका किनाऱ्यावर बसता आलं नसतं, त्यांतल्या एकाचं हृदय दुसऱ्यात चाललं.

कुत्र्यांवरच्या प्रयोगांची लॅबही मांडली आहे. बार्नार्ड अमेरिकेत मिनेसोटाला शिकायला गेले, १९५८ मध्ये परतले, आणि तिथले त्यांचे शिक्षक वांगेनस्टीन सर यांच्या खटपटीमुळे त्यांना हार्ट-लंग मशीन मिळालं. पुढची नऊ वर्षं लहान मुलांची हृदयं दुरुस्त करण्यात आणि या लॅबमध्ये गेली. इथेच हॅमिल्टन नाकी काम करत. टेनिस कोर्टावर माळीकाम करायला आलेला हा माणूस लॅबमध्ये प्राण्यांवर शस्त्रक्रिया करण्यात इतका तरबेज झाला, की शिकाऊ सर्जन त्याच्याकडून शिकले. डेनिसचं हृदय नाकींनीच काढलं अशी गोष्ट फिरते, ती खरी नाही. त्या रात्री ते थिएटरमध्ये नव्हते. खोटा मान द्यायची त्यांना गरजच नाही. केप टाउन विद्यापीठाने २००३ मध्ये त्यांना मानद पदवी दिली, ती त्यांच्या खऱ्या कामासाठी.

मग ती शस्त्रक्रिया झाली ते चार्ल्स सेंट थिएटर. शेजारी शेजारी दोन ओटी, एकात डेनिस, दुसऱ्यात तिचं हृदय ज्याला बसवलं तो लुई वॉशकान्स्की हा किराणा दुकानदार, आणि भोवती पुतळ्यांची टीम. मी सरळ पंपाकडे गेलो. बार्नार्ड यांनी त्याच महिन्यात छापलेला पेपर मी पूर्वी वाचला होता. वॉशकान्स्कीच्या मांडीतली धमनी आतून इतकी खराब होती, की लाइन प्रेशर (पंपाच्या नळीतला रक्ताचा दाब) चढलं आणि कॅन्युला, म्हणजे रक्त आत सोडणारी नळी, तिथून काढून महाधमनीत घालावी लागली. ते वाक्य पेपरात दोन ओळींचं आहे. पण लाइन प्रेशर चढताना पंपावर बसलेल्या माणसाचं काय होतं, ते मला माहीत आहे. घसा कोरडा पडतो, आणि आवाज मात्र शांत ठेवून सर्जनला आकडा सांगायचा असतो. तिथे मी बराच वेळ उभा होतो. हिने हाक मारली तेव्हा भानावर आलो.

वॉशकान्स्की १८ दिवस जगला. शरीराने हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी प्रतिकारशक्ती खचली आणि न्यूमोनियाने तो गेला. हृदय शेवटपर्यंत नीट चाललं.

बार्नार्ड यांच्या केबिनमध्ये त्यांची पुढची कीर्ती, दौरे, पत्रं हे सगळं दिसतं. मी तिथून लवकर निघालो. एकच गोष्ट लागली: संधिवाताने त्यांची बोटं धरली आणि १९८३ मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया थांबवल्या.

निघताना गाइडबाईंना मी मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलबद्दल सांगितलं. १६ फेब्रुवारी १९६८ ला, वॉशकान्स्कीनंतर अडीच महिन्यांत, डॉ. पी. के. सेन यांनी तिथे हृदय बदललं होतं. जगातलं ते सहावं. रुग्ण जेमतेम तीन तास जगला, म्हणून आपल्याकडेही हे नाव फारसं कुणी घेत नाही. भारतात यश यायला अवयवदानाचा कायदा व्हावा लागला आणि १९९४ साल उजाडावं लागलं. बाईंनी 'सेन' हे नाव स्पेलिंग विचारून वहीत लिहून घेतलं.

वैद्यकीय क्षेत्रातल्या प्रत्येकाने जावं, बाकीच्यांनीही जावं. अगदी लहान मुलांना नेऊ नका. दोन्ही हृदयं तिथे काचेत ठेवलेली आहेत, वॉशकान्स्कीचं झिजलेलं आणि डेनिसचं. तिथे पोहोचेपर्यंत दमायला होतं, म्हणून त्यासाठी वेळ राखून ठेवा.