बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरपोच खरेदी: वर्षभराच्या वापरानंतर

मोठी-छोटी सगळी ॲपं वर्षभर वापरल्यावर आमचं मत पक्कं झालंय. आपल्या भागात मालापेक्षा शेवटचे वीस-तीस किलोमीटर जास्त त्रास देतात. सुरतेहून निघालेलं पार्सल बेळगावच्या हबला, म्हणजे कुरिअरच्या वाटप केंद्राला, वेळेवर येतं आणि तिथून जांबोटीला पोचायला पुन्हा तेवढेच दिवस खातं. म्हणून काय मागवायचं याच्या आधी पत्ता नीट लिहायला शिकावं.

पार्सलांची छाटणी पिनकोडवर होते, गावाच्या नावावर नाही. 590 आणि 591 म्हणजे बेळगाव जिल्हा. खानापूर तालुका सांगली जिल्ह्यातही आहे आणि तिथला पिन 415 ने सुरू होतो. नुसतं ‘खानापूर’ टाइप करून ॲपने सुचवलेला पत्ता डोळे झाकून घेतला, तर पार्सल विट्याच्या वाटेला लागू शकतं. आपल्या खानापूर गावाचा पिन 591302, निपाणीचा 591237. शिनोळीची गंमत निराळी. बाजारहाट सगळा बेळगावात, पण गाव चंदगड तालुक्यात आणि पिन 416 चा, त्यामुळे पत्ता कोल्हापूर जिल्ह्यात मोडतो. तिथल्यांनी घाईची वस्तू बेळगावातल्या नातेवाइकांच्या पत्त्यावर मागवलेली बरी.

मारुती गल्ली आणि लक्ष्मी गल्ली गावोगावी आहेत, म्हणून पहिल्याच ओळीत घर नंबरसोबत गावाचं नाव टाका. खूण म्हणून दूध डेअरी, शाळा, देऊळ असं न हलणारं ठिकाण द्या. पत्ता रोमन लिपीतच भरा, देवनागरी अक्षरं लेबलवर कधी कधी नुसते चौकोन होऊन उमटतात. दुसरा मोबाइल नंबर घरात असणाऱ्या माणसाचा असावा.

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. घरात माणसं बसलेली असताना मेसेज येतो, ‘ग्राहक उपलब्ध नाही’. यात पार्सल आणणाऱ्या पोराचा दोष आम्हाला कमीच वाटतो. बहुतेक ठिकाणी त्याला पार्सलमागे पैसे मिळतात. एका पार्सलसाठी कणकुंबीपर्यंत गाडी नेली तर पेट्रोलसुद्धा सुटत नाही. त्या बाजूची चार-पाच पार्सलं साठेपर्यंत तो थांबतो, आणि हबच्या हिशेबात दिवस भरायचा म्हणून ‘ग्राहक उपलब्ध नाही’चं बटण दाबतो. यावर दोन उपाय चालतात. ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दिसलं की सकाळीच त्याला फोन करून स्टँडवर किंवा फाट्यावर भेटायचं ठरवा. नाहीतर गल्लीतल्या दोन-तीन घरांनी एकाच दिवशी ऑर्डर टाका. मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला, इथल्या पोरांना दोन्ही कळतं. पण आधी सलोख्याने बोला, तोच पोरगा पुढच्या आठवड्यात परत यायचा असतो.

ओटीपी म्हणजे माल मिळाल्याची सही. ‘ओपन बॉक्स’ची सोय असेल तर खोका उघडून वस्तू बघितल्याशिवाय तो सांगू नका. मोबाइल असेल तर सुरू करून *#06# दाबा आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. उघडू देत नसतील तर व्हिडिओ काढा, पण लेबलपासून वस्तू बाहेर येईपर्यंत एका दमात, मध्ये न थांबवता. खोक्याच्या सहाही बाजू आणि टेप दिसली पाहिजे. तुकड्यातुकड्यांचा व्हिडिओ तक्रारीत टिकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खोक्याचा तळ हाताला ओला किंवा मऊ लागला तर दारातूनच परत पाठवा. नाकारलेला माल परत जाणं सोपं असतं, घेतलेला परत करणं अवघड. ‘डिलिव्हरीवाला बोलतोय, एवढा नंबर दाबा’ म्हणून *401* किंवा *21* ने सुरू होणारा कोड कुणी सांगितला तर फोन ठेवून द्या. त्याने तुमचे कॉल दुसऱ्याकडे वळतात आणि बँकेचा ओटीपी त्याच्या कानात जातो.

‘या पिनकोडवर मिळत नाही’ याचं एक मोठं कारण आकारमान. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 ने भागतात आणि खरं वजन त्याहून कमी असेल तर हेच वजन धरतात. 40×30×30 चा खोका आत दोन किलोचा माल असला तरी 7.2 किलो धरला जातो. प्लॅस्टिकचे डबे, खुर्च्या, उशा गावाकडे महाग पडतात त्या यामुळे. त्या बेळगावच्या गणपत गल्लीतून आणाव्यात. साडीसाठी तर शहापूर, खडेबाजार सोडून ॲपवर जायचं कारणच नाही. फोटोत रंग कळत नाही, पोत तर नाहीच.

जीव जडतो तो मात्र सुट्या भागांमुळे आणि मराठी पुस्तकांमुळे. पुण्याच्या प्रकाशकाचं पुस्तक खानापुरातल्या दारात येतं, एवढ्या एका गोष्टीसाठी बाकीचा वैताग आम्ही सोसतो. कुकरची रिंग, मिक्सरचा कपलर (भांडं मोटरला जोडणारा दातांचा तुकडा) गावात मिळेलच असं नसतं. रिंग मागवताना कंपनी, लिटर, झाकण आतलं की बाहेरचं, आणि ॲल्युमिनियम की स्टील, हे चारही बघा. पाच लिटरची म्हणून पाच लिटरला बसेलच असं नाही. चुकीची रिंग बसवली की शिट्टी होत नाही आणि कडेने वाफ जाते. कपलरचे दात मोजा आणि जुना शेजारी ठेवून फोटो ताडा.

परत करायच्या वस्तूचं खोकं, टॅग, वॉरंटी कार्ड सांभाळा. न्यायला येणारा ॲपवरच्या फोटोशी जुळवतो आणि टॅग नसेल तर तिथेच नापास करतो. ‘रिटर्न’ आणि ‘फक्त रिप्लेसमेंट’ यातला फरक पैसे भरण्याआधी वाचा. मुदत सात दिवसांची असेल तर विनंती पहिल्याच दिवशी टाका, न्यायला माणूस उशिरा आला तरी नोंद तुमच्या बाजूने राहते.

तरीही अडलं तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ॲप कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं. विक्रेता दिल्लीचा असला तरी खटला आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या ग्राहक आयोगात दाखल करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या जातो. सोबत बिल, ऑर्डरचा स्क्रीनशॉट, व्हिडिओ आणि चॅट जोडा. चॅट मात्र त्याच दिवशी उतरवून ठेवा, काही ॲपमधून तो पुढे दिसेनासा होतो.