बर्फातली मासळी की बोटीवर गोठवलेली?

वडोदऱ्याला समुद्र नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येणारे पापलेट बर्फातूनच येते, आणि त्याच्या पोटावर बर्फाच्या खड्यांचे बारीक खळगे उमटलेले दिसतात. वेरावळसारख्या बंदरांतून निघणाऱ्या बर्फावरच्या (मासळी बर्फात ठेवणाऱ्या) ट्रॉलरला, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या बोटीला, मर्यादा असते ती बर्फाचीच: उष्ण हवेत किलोभर मासळीला साधारण किलोभर बर्फ लागतो आणि तो वितळत जातो, म्हणून सुरुवातीच्या ओढींत आलेली स्वस्त मासळी, कोवळी पिल्ले आणि खेकडे बहुतेकदा मेलेल्या अवस्थेतच समुद्रात फेकले जातात, तर परतीच्या दिवसांत तीच मासळी मत्स्यचूर्णाच्या कारखान्यांसाठी राखून ठेवली जाते.

उणे 18 अंशांवर मासळी गोठवणाऱ्या बोटीला परतण्याची अशी घाई नसते. ती आठवडेच्या आठवडे समुद्रात राहू शकते, त्यामुळे मासळी चांगली टिकली तरी जाळेही तितकाच अधिक काळ पाण्यात राहते. गोठवणयंत्राची रोजची क्षमता ठरलेली असल्याने महाग मासळीसाठी स्वस्त मासळी टाकून देण्याचा मोह तिथेही होतोच.

माझा कल (चवीचा भाग वेगळा) छोट्या फेरीच्या, बर्फावरच्या बोटीकडे आहे. पण जाळ्याची आस, म्हणजे भोकांचा आकार, बारीकच राहिली, तर नको असलेली मासळी अडकणे दोन्ही बोटींवर सारखेच चालू राहते.