आयपी रोज बदलणाऱ्यांची मेल कशी सोडायची? पाच पर्याय, एक शिफारस

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कंपनीचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे असं धरा. मालक सदाशिव पेठेतल्या घरून ब्रॉडबँडवर काम करतात, सेल्सची मुलं चाकण-रांजणगावला मोबाइल डेटावर असतात. प्रत्येकाचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, सतत बदलतो. या सगळ्यांची मेल सर्व्हरने बाहेर पोचवायची, पण परक्या कुणाची नाही. परक्यांचीही जाऊ लागली की सर्व्हर ओपन रिले झाला. मग स्पॅमवाले त्याचा माग काढतात, तो ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या यादीत, जातो आणि तुमची खरी कोटेशनंही ग्राहकाकडून परत येतात.

आयपीची यादी ठेवणं, म्हणजे पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅममधलं 'मायनेटवर्क्स', सगळ्यात सोपं. ऑफिसातल्या प्रिंटर-स्कॅनरसाठी ते आजही योग्यच आहे. बाहेरच्या माणसांसाठी मात्र यादीतला आयपी रोज बदलावा लागतो, आणि कंटाळून अ‍ॅडमिन इंटरनेट कंपनीची अख्खी रेंजच यादीत टाकतो. हे कृपा करून करू नका. मोबाइल नेटवर्कवर कॅरियर-ग्रेड नॅटमुळे (एक पत्ता अनेकांत वाटून देण्याची कंपनीची सोय) एकाच सार्वजनिक आयपीमागे असंख्य ग्राहक असतात. सोसायटीच्या गेटवर माणूस न बघता नुसता रिक्षाचा नंबर बघून आत सोडावं, तसं ते होतं.

'पॉप-बिफोर-एसएमटीपी'मध्येही तीच खोट आहे. पॉप म्हणजे आलेली मेल उतरवून घेण्याची पद्धत, एसएमटीपी म्हणजे मेल पाठवण्याची. आधी पासवर्ड देऊन आलेली मेल तपासायची, मग सर्व्हर तो आयपी थोडा वेळ लक्षात ठेवतो. जुन्या मेल प्रोग्रॅमना पाठवताना लॉगिन करता येत नसे, तेव्हा ही युक्ती मोलाची होती. आज नव्याने बसवायचं कारण नाही.

माझी शिफारस एसएमटीपी ऑथची, म्हणजे मेल पाठवतानाच नाव-पासवर्ड देऊन लॉगिन करण्याची. त्याचं मानक १९९९ पासून आहे आणि फोनवरचं साधं मेल अ‍ॅपही ते वापरतं. आयपी कुठलाही असो, सर्व्हर माणूस ओळखतो. ५८७ पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक असलेलं दार) स्टार्ट-टीएलएस, म्हणजे साधं सुरू झालेलं कनेक्शन मग एन्क्रिप्टेड (कूटबद्ध) करणं, सक्तीचं करा किंवा ४६५ वापरा, तिथे कनेक्शन सुरुवातीपासूनच एन्क्रिप्टेड असतं. २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकाचा कल ४६५ कडे आहे. २५ वर लॉगिन बंदच ठेवा, तो पोर्ट सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीसाठी. तसाही घरगुती कनेक्शनवर तो अनेकदा अडवलेला असतो.

पासवर्ड चोरीला गेला, तर मात्र चोर रीतसर आत येतो. म्हणून सेल्सच्या सगळ्यांना एकच पासवर्ड देऊ नका, प्रत्येकाचं खातं वेगळं हवं. कुठल्या लॉगिनचा कुठला पत्ता याची यादी देऊन पोस्टफिक्समधलं 'रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच' लावलंत की एकाच्या लॉगिनवर मेलच्या लिफाफ्यावर (एन्व्हलपवर) दुसऱ्याचा पत्ता चालणार नाही. दर तासाच्या मेलवर मर्यादा घाला. वारंवार चुकीचा पासवर्ड देणारा आयपी अडवणारं फेल-टू-बॅन उपयोगी आहे, पण बंदी थोड्या वेळाचीच ठेवा. नॅटमुळे एका अनोळखी माणसापायी तुमचाच माणूस अडकू शकतो.

वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी एन्क्रिप्टेड रस्ता, यापेक्षा भक्कम. टॅलीसाठी ते आधीच बसवलं असेल, तर मेलही त्यातूनच जाऊ द्या. फक्त मेलसाठी प्रत्येक फोनवर ते सांभाळणं लहान ऑफिसला जड जातं. क्लायंट सर्टिफिकेटचंही (पासवर्डऐवजी फोनवर ठेवलेलं डिजिटल ओळखपत्र) तेच, शिवाय सगळी मेल अ‍ॅप्स ते नीट हाताळत नाहीत.

सेटिंग झालं की भाड्याच्या एखाद्या क्लाउड मशीनवरून, लॉगिन न करता, परक्या डोमेनला मेल पाठवून बघा. 'रिले अ‍ॅक्सेस डिनाइड' असं उत्तर आलं, तरच सेल्सच्या मुलांना पासवर्ड वाटा.