मंजुरीपुरता नकाशा की कामाचा पूर्ण संच?

घर बांधायला काढलं की आधी पैशाचा विषय निघतो आणि लगेच नकाशांचा. सांगलीत अडीच गुंठ्यांच्या प्लॉटसाठी आम्ही दोघांना भाव विचारला. एक लायसन्सवाला इंजिनिअर, महापालिकेची मंजुरी काढून देणारा. दुसऱ्या आर्किटेक्टबाई, पूर्ण संच देणाऱ्या. फीमध्ये जवळपास तिपटीचा फरक होता. आम्ही अर्थातच स्वस्त पाहिलं.

मंजुरीचा नकाशा साधारण 1:100 प्रमाणात असतो. मजल्यांचे प्लॅन, दर्शनी बाजू, एखादा छेद, सोडलेल्या मोकळ्या जागा आणि क्षेत्रफळाचा तक्ता. किती बांधता आणि किती सोडता, हे कार्यालयाला कळावं एवढंच त्याचं काम. भिंतीतून पाइप कुठून जाणार याच्याशी कार्यालयाला देणंघेणं नाही. मेस्त्रीला मात्र तेच हवं असतं.

कामाचा संच 1:50 चा. सेंटरलाइन (जमिनीवर भिंती-कॉलमची आखणी करायच्या मध्यरेषा), पाया, कॉलम, प्लिंथ बीम (जोत्याची तुळई), स्लॅबची सळई, दारं-खिडक्यांचा तक्ता, विजेचे पॉइंट, पाणी आणि ड्रेनेज. जिना, बाथरूम यांचे नकाशे आणखी मोठे, 1:20 चे.

फरक कुठे जाणवतो तर जिन्यात. आमच्या मंजुरीच्या नकाशात जिना म्हणजे नऊ फूट लांबीच्या चौकोनात काढलेल्या रेघा. मजल्याची उंची दहा फूट. साडेतीन फुटांचं लँडिंग वजा केलं की उरतात साडेपाच फूट. दहा इंचांची पायरी धरली तर एका बाजूला सहाच बसतात. प्रत्येक बाजूला चढ, म्हणजे पायरीची उंची, पायऱ्यांपेक्षा एकानं जास्त. म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौदा चढ, आणि प्रत्येक चढ साडेआठ इंचांच्या वर! सहा इंचांचा चढ हवा तर वीस चढ लागतात आणि जिन्याला अकरा फूट लांबी. हे गणित कागदावर दहा मिनिटांचं आहे. आमच्याकडे ते सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, ठोकताना झालं. मेस्त्रीनं विचारलं, "मालक, धरायचं कसं?" मालकाला काय कळतंय! आई आता वर येत नाही.

स्ट्रक्चरल नकाशे, म्हणजे पाया, कॉलम आणि सळईचे, मात्र दोन्हीपैकी कुठल्याही रस्त्यानं गेलात तरी घ्याच. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया शेजाऱ्याचा बघून ठरवता येत नाही. नदीच्या बाजूला प्लॉट असेल तर 2019 च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारून जोत्याची उंची नकाशात लिहून घ्या. पाटणकडच्या पाहुण्यांना तर 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप वेगळा सांगावा लागत नाही. भूकंपासाठी कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगा (उभ्या सळयांभोवतीची कडी) जवळजवळ हव्यात, आणि किती जवळ ते नकाशात आकड्यात हवं. तोंडी सांगितलेलं अंतर दुपारच्या जेवणानंतर वाढतं.

इंटरनेटवरच्या तयार प्लॅनबद्दल एवढंच की कल्पना घ्यायला बरे. त्यांना तुमच्या प्लॉटची माती माहीत नाही, रस्ता कुठल्या बाजूला आहे तेही माहीत नाही.

मग स्वस्तातला रस्ता चुकीचाच का? नाही. एकमजली साधं घर आहे, मेस्त्री हाताखालचा आहे आणि तुम्ही रोज साइटवर उभे राहणार असाल, तर मंजुरीचा नकाशा आणि स्ट्रक्चरल शीट यांवर घर नीट उभं राहतं. वर मजला चढणार असेल, किंवा मालक पुण्यात नोकरीला आणि काम सांगलीत असेल, तर पूर्ण संचच. पैसे तुटपुंजे असतील तर मधली वाट अशी: मंजुरी इंजिनिअरकडून, आणि सेंटरलाइन, जिना, वीज, ड्रेनेज एवढे चार नकाशे वेगळी फी देऊन.

आर्किटेक्ट म्हणवून घेणाऱ्यांना नोंदणी क्रमांक जरूर विचारा. 1972 च्या कायद्यानं ती पदवी नोंदणी असलेल्यालाच लावता येते. आणि फी ठरवताना "चौरस फुटाला किती" एवढ्यावर थांबू नका. शीट किती देणार, स्लॅब भरण्याआधी सळई तपासायला स्वतः येणार का, मध्येच खिडकी हलवली तर नकाशा बदलून देणार का, हे कागदावर लिहून घ्या.