ओपनएसएसएलची खातरजमा : पॅकेजची नोंद पाहावी की चालू प्रोसेस?

सर्व्हरवरच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीला सुरक्षा-दुरुस्ती लागली आहे ना, हे तपासण्याचे दोन मार्ग मी वापरून पाहिले आहेत : पॅकेज मॅनेजरची (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाची) नोंद वाचणे आणि चालू प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमने, कोणती लायब्ररी मेमरीत धरली आहे ते पाहणे.

पॅकेजच्या नोंदीची बाजू भक्कम आहे. नुसत्या आवृत्ती क्रमांकावरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण रेड हॅट आणि डेबियन ही लिनक्स वितरणे जुनी आवृत्ती कायम ठेवून तिच्यातच दुरुस्ती घालतात. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड ही ओपनएसएसएलमधली गंभीर त्रुटी उघड झाली तेव्हा मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही आवृत्ती काढली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ चे दुरुस्त पॅकेज मात्र १.०.१ई याच क्रमांकाचे राहिले आणि बदलला तो पुढचा रिलीज क्रमांक. त्यामुळे चेंजलॉगमध्ये (पॅकेजमधल्या बदलांच्या यादीत) सीव्हीई-२०१४-०१६० हा हार्टब्लीडचा क्रमांक शोधणे हाच त्या वेळी खात्रीचा उपाय होता, आणि आजही तीच पद्धत उपयोगी पडते.

परंतु ही नोंद डिस्कवरच्या फाइलबद्दल बोलते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल निर्यातदाराचे ऑर्डर पोर्टल मी सांभाळतो. परदेशी खरेदीदार रात्री उशिरापर्यंत त्यावर असल्याने रीस्टार्ट पुढे ढकलला जातो, आणि त्या सगळ्या काळात जुनी लायब्ररी मेमरीत तशीच चालू असूनही पॅकेजची नोंद मात्र दुरुस्ती झाल्याचेच दाखवते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला रीलोड देऊनही भागत नाही. मास्टर प्रोसेस तीच राहते आणि तिच्यातून निघणारे नवे वर्करही जुनीच लायब्ररी घेऊन येतात. एलएसओएफ या उघड्या फाइली दाखवणाऱ्या कमांडच्या यादीत लिबएसएसएलच्या (ओपनएसएसएलच्या लायब्ररी फाइलच्या) ओळीवर ‘डीईएल’, म्हणजे डिस्कवरून काढलेली फाइल, असे दिसले की खरी स्थिती कळते. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे झुकला तो याच त्रासामुळे.

अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. लायब्ररी स्टॅटिक पद्धतीने, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच, जोडलेली असेल तर या यादीत काहीच दिसत नाही, आणि मेमरीतली फाइल नवी असली तरी तिच्यात दुरुस्ती आहे का, हे शेवटी चेंजलॉगच सांगतो. प्रत्येक अपडेटनंतर सर्व्हर रीबूट करण्याची शिस्त असलेल्या ठिकाणी पॅकेजची नोंद बहुधा पुरेशी ठरावी. जेथे रीस्टार्टसाठी वेळ मागून घ्यावा लागतो, तेथे मात्र डेबियनवर नीडरीस्टार्ट हे रीस्टार्टची गरज दाखवणारे साधन बसवून आधी प्रोसेस तपासावी, असे मी सुचवेन.